तीन पांढऱ्या गाड्या

वर्कशॉपात त्यांना सगळे कटकटमामा म्हणत, आणि तोंडावर म्हणत. नाव पडलं होतं टॉर्क पान्यामुळे. हा पाना साध्या पान्यासारखा नसतो. बोल्ट किती घट्ट आवळायचा ते त्याच्या दांडीवर आधी लावून ठेवायचं. तेवढा आवळला गेला की पाना हातातल्या हातात ‘कट्’ असा वाजतो. बाकीचे मेकॅनिक एकदा कट् ऐकलं की मोकळे. मामा मात्र तोच बोल्ट पुन्हा एकदा वाजवून बघत. दुसरं कट् ऐकल्याशिवाय त्यांचा हात तिथून निघायचा नाही. माणूस चांगला पण कटकट फार, असं म्हणता म्हणता नावच चिकटलं. मामांना त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट थोडा तोराच होता, खोटं कशाला बोलू.

छत्तीस वर्षं त्यांनी या एकाच छपराखाली काढली. सुरुवात रॉकेलच्या ट्रेमध्ये सुटे भाग धुण्यापासून. लागले त्याच वर्षी त्यांनी क्रेनला लटकत परत आलेली एक गाडी पाहिली. कुणा मेकॅनिकने चाकाचे नट नुसते बोटांनी फिरवून ठेवले, जेवायला गेला, आणि जेवून आल्यावर आवळायचं विसरला. आतली माणसं वाचली की नाही हे विचारायची मामांची हिंमत झाली नाही आणि कुणी आपणहून सांगितलंही नाही. ती गाडी आठवडाभर मागच्या अंगणात पडून होती. भाग धुताना मामा तिच्याकडे पाठ करून बसायचे.

पुढे ते मुख्य मिस्त्री झाले तेव्हा त्यांनी नियम घातला. पाना वाजला की बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. वाजल्यावर. आधी नाही. पिवळं दिसलं म्हणजे काम झालं, आणि पिवळं नसेल तर गाडी रॅम्पवरून खाली उतरणार नाही, मग मालक कितीही नाचो. हा नियम मोडला म्हणून त्यांनी एका पठ्ठ्याला आठ दिवस नुसतं झाडायला लावलं होतं. तोच पठ्ठ्या आता त्यांचा मॅनेजर होता. चारचौघांत मामा त्याला साहेब म्हणत, आणि तो मामांना मामाच म्हणे.

तर अशा माणसाच्या हातून जे झालं, ते सांगायचं आहे.

त्या वर्षी गाड्या बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. माल न्यायला, माणसं न्यायला ज्या पांढऱ्या व्हॅन जिथे तिथे दिसतात, त्यांच्या शाफ्टमध्ये दोष निघाला होता. शाफ्ट म्हणजे गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब पोलादी दांडा. गिअरबॉक्सचं फिरणं तो मागच्या चाकांपर्यंत नेतो. पुढच्या टोकाला तो सहा बोल्टांनी धरलेला असतो, आणि कंपनीने घातलेले हेच बोल्ट चालता चालता सैल होत होते. दांड्याचं मागचं टोक सुटलं तर तो फरफटतो, खडखडतो, गाडी थांबते, देवाची कृपा म्हणायचं. पण पुढचं टोक सुटलं तर ते खाली रस्त्यात रुततं आणि धावती गाडी त्या दांड्यावर मागून उचलली जाते. कंपनीने हे फार गोड शब्दांत लिहिलं होतं, की वाहनावरचा ताबा कमी होण्याची शक्यता आहे. मामांनी पत्र टेबलावर आपटलं. ताबा कमी होण्याची शक्यता म्हणे!

गाड्या परत बोलावल्या गेल्या. प्रत्येक गाडीला सहा नवे बोल्ट घालायचे, आवळायचे, ठिपका द्यायचा, सही करायची. दिवसाला पाच-पाच, सहा-सहा गाड्या. मामा म्हणाले, शाफ्टचे बोल्ट मी स्वतः घालणार, हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. आता सत्तावन्न वर्षांचा माणूस दिवसभर रॅम्पखाली हात वर करून उभा राहिला तर खांद्याचं काय होणार? उजवा खांदा असा धरला की रात्री बायकोने शेकल्याशिवाय कूस बदलता येईना. तेव्हा मामांनी एक शक्कल काढली. सकाळी आल्याबरोबर दिवसभराचे बोल्ट टेबलावर ओळीने उभे करायचे आणि सगळ्यांच्या डोक्यांवर आधीच पिवळा ठिपका देऊन ठेवायचा. चहा होईपर्यंत रंग वाळतो. मग रॅम्पखाली पाना खाली ठेवा, ब्रश घ्या, पुन्हा हात वर करा, ही भानगडच नको.

स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंनी तो ट्रे पाहून म्हटलंही, की मामा, दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर तुम्ही त्याला सोलून काढला असता. मामा नुसते हसले. नियम कच्च्या हातांसाठी असतो असं त्यांना वाटत होतं, बोलले नाहीत एवढंच. असे तीन आठवडे गेले. एक्याण्णव गाड्या झाल्या.

शेवटच्या तीन गाड्या मंगळवारी दुपारी शेजारशेजारच्या रॅम्पवर होत्या. दोन पुऱ्या झाल्या, तिसरी चालू होती, तेवढ्यात कंपनीचा तपासनीस टॉर्क पाना मागायला आला. पाना बरोबर चालतो की नाही हे त्याला त्याच्या यंत्रावर तपासायचं होतं. घेऊन गेला. मामांना रिकामं उभं राहणं माहीत नाही. त्यांनी तिसरीचे जुने बोल्ट काढले, नवे सहा बोल्ट बोटांनी बसवले, पाना आला की आवळू म्हणाले. आणि मग ऑफिसातून हाक आली. फोन होता. दुसऱ्या गावी दिलेल्या लेकीला मुलगी झाली होती. लग्नाला नऊ वर्षं होऊन गेली होती, दोन वेळा आशा लागून सुटली होती, आणि आता बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप होत्या.

मामा ऑफिसात खुर्चीवर बसून रडले. मॅनेजरने त्यांना मिठी मारली, त्याच्या पांढऱ्या शर्टावर ग्रीसचा पंजा उमटला तरी तो हसत होता. सगळ्यांना चहा-बिस्किटं झाली. कटकटमामांना आता कटकट करणारी नात आली, असा विनोद तीन जणांनी तीन वेळा केला आणि मामा तिन्ही वेळा हसले. परत रॅम्पजवळ आले तेव्हा पाना टेबलावर येऊन पडला होता आणि मामांचे पाय जमिनीवर नव्हते. त्यांनी तिन्ही गाड्यांखालून नजर फिरवली. पिवळं, पिवळं, पिवळं. तिन्ही जॉबकार्डांवर सही ठोकली आणि गाड्या सोडल्या.

बुधवारी सकाळी सव्वानऊला स्टोअरच्या बाईंनी वही पुढे केली. पाना काल दुपारी दोन चाळीसला गेला, सव्वातीनला आला, तेवढी सही राहिली आहे म्हणाल्या. मामांनी पेन टेकवलं. लेकीचा फोन तीनला आला होता. ती वेळ त्यांना जन्मभर विसरता येणार नव्हती. घरी कॅलेंडरवर लिहूनच ठेवली होती. चहा संपला तेव्हा साडेतीन झाले होते. आणि साडेतीन ते गाड्या सोडेपर्यंत आपल्या हातात पाना घेतल्याचं, तो वाजल्याचं त्यांना काही केल्या आठवेना. बारा कट् व्हायला हवी होती. एकही कानात नव्हतं.

त्यांनी काउंटर धरला. बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का? मामा म्हणाले, रात्री झोप झाली नाही, आनंदाने. पहिलं खोटं ते.

आता कोणती गाडी? तिन्ही पांढऱ्या, तिन्ही एकाच बनावटीच्या. कोणती कुठल्या रॅम्पवर होती ते कार्डावर लिहिलेलं नसतं. आणि खालून सगळ्या गाड्या सारख्याच. तोच चिखल, तोच दांडा, तेच बोल्ट. छत्तीस वर्षांत मामांनी गाड्यांची तोंडं कमी आणि पोटंच जास्त पाहिली होती. तीन कार्डं समोर धरून ते उभे राहिले. एक बेकरीची व्हॅन. एक लॉन्ड्रीची. आणि तिसरी, किडनी निकामी झालेल्या पेशंटना आठवड्यातून काही दिवस डोंगरावरच्या वस्त्यांमधून हॉस्पिटलात डायलिसिसला आणणारी आणि परत नेऊन सोडणारी.

त्याच घटकेला मॅनेजरच्या खोलीचं दार उघडं होतं. दहा पावलं होती फक्त. मामांनी दोन टाकली असतील. मग त्यांच्या मनात आलं, निवृत्तीला अकरा महिने राहिलेत. मनात आलं, ज्याला आठ दिवस झाडायला लावलं त्याच्यासमोर जाऊन काय सांगू, की मीच ठिपके आधी देत होतो? तीनच तर गाड्या आहेत. गुपचूप जाऊन तिन्ही आवळून येतो, संध्याकाळपर्यंत सगळं निस्तरतं, कुणाला कळायचंही कारण नाही. माणूस घाबरला की किती भराभर हिशोब जुळवतो ते बघा.

त्यांनी तिन्ही ठिकाणी फोन लावले. बेकरीवाल्याने या म्हटलं. लॉन्ड्रीवाल्याने अकराच्या पुढे या म्हटलं. डायलिसिसच्या गाडीचा ड्रायव्हर एक बाई होती. तिचा फोन बंद लागला. हॉस्पिटलच्या कचेरीत फोन करता आला असता, पण तिथे नाव सांगावं लागलं असतं, कारण सांगावं लागलं असतं. मामांनी तो नंबर फिरवला नाही. घरचं काम आहे म्हणून स्टोअरच्या बाईंकडून टॉर्क पाना वहीत लिहून घेतला, बोल्टांचं एक पाकीट खिशात टाकलं आणि स्कूटर काढली.

बेकरीच्या मागच्या बोळात ते व्हॅनखाली पाठीवर सरकले. पहिल्या बोल्टला पाना लावला, ओढला. कट्. पुन्हा कट्. सहाच्या सहा जागचे हलले नाहीत. आता तुम्ही म्हणाल, जिवात जीव आला असेल. कुठला! प्रत्येक कट् बरोबर तिघींवरचं भूत उरलेल्या दोघींवर जाऊन बसत होतं.

लॉन्ड्रीची गाडी फेरीवरून यायलाच पावणेएक झाला. पावणेदोन तास मामा इस्त्रीच्या वाफेत स्टुलावर बसून होते. तेवढ्या वेळात ड्रायव्हरबाईंना सात वेळा फोन लावला. सातही वेळा बंद. गाडी आली, मामा खाली शिरले. मनातल्या मनात म्हणत होते, हीच असू दे, हीच सैल निघू दे. कपडे वाहणारी गाडी, आत एकटा माणूस, गावातल्या गावात फिरते. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा या माणसाने बोल्ट सैल निघावा म्हणून विनवणी केली. पाना ओढला. कट्. दुसरा, तिसरा, चौथा. सहाव्याला त्यांनी दुसऱ्यांदा वाजवून बघितलं नाही. डोक्याखालच्या फरशीचा गारवा पाठीतून वर चढत गेला आणि क्षणभर त्यांना गाडीखालून बाहेरच पडावंसं वाटेना.

हॉस्पिटलच्या फाटकाशी पोचले तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. डायलिसिसची गाडी? ती आत्ताच गेली की, पहारेकरी म्हणाला, पंधरा मिनिटं झाली असतील. सहा पेशंट आहेत, वर घाटातून जायचं म्हणजे वेळ लागतो. फोन? नाही हो, सकाळी गाडीत बसल्या की परत वर पोचेपर्यंत त्या फोन बंद करून डब्यात टाकतात, फार जबाबदार बाई आहे. पहारेकऱ्याने हे कौतुकाने सांगितलं. सकाळी आठपासून एकपर्यंत ती गाडी इथेच, या फाटकाच्या आत, समोरच्या झाडाखाली उभी होती. पाच तास. सव्वानऊला दहा पावलं टाकली असती तर साडेनऊला काम झालं असतं.

मामांनी फोन काढला.

“साहेब, कालच्या एका गाडीचे शाफ्टचे बोल्ट मी आवळलेच नाहीत.”

मॅनेजरला आधी ती थट्टा वाटली. मामा थट्टा करत नाहीत हे आठवल्यावर त्याने विचारलं, कोणती गाडी. मामांनी सांगितलं. गाडीत सहा आजारी माणसं आहेत, घाटाला लागली आहे, फोन लागत नाही, हेही सांगितलं. त्याने एकही शब्द वाया घालवला नाही, हे त्याच्या बाजूने म्हणायलाच हवं. घाटाच्या मध्यावर वनखात्याचा नाका आहे, तिथला नंबर मिळवतो, रस्त्यावर आडवा दांडा टाकायला सांगतो, तुम्ही निघा, म्हणाला आणि फोन ठेवला.

मामा निघाले. त्यांनी आयुष्यात कधी स्कूटर चाळिसाच्या पुढे नेली नव्हती. आता काटा साठावर थरथरत होता आणि डोळे रस्त्यावर बोल्ट शोधत होते. एखादा पिवळ्या डोक्याचा बोल्ट डांबरावर पडलेला दिसला तर काय समजायचं? आणि दिसला नाही तर काय समजायचं? ती गाडी काल संध्याकाळी वर गेली, आज सकाळी माणसं भरून खाली आली, आता पुन्हा वर निघाली. बोटांनी बसवलेले बोल्ट. चढाला गिअर बदलला की दांड्याला हिसका बसतो. एका वळणावर एक हिसका, आणि घाटात वळणं किती? मामा ती मोजायला लागले आणि मग घाबरून त्यांनी मोजणं सोडून दिलं.

चौथ्या-पाचव्या वळणावर पुढे माणसं जमलेली दिसली. पाच-सहा जण दरीकडच्या कठड्याशी उभे होते आणि खाली बघत होते. स्कूटर आपोआप मंद झाली. जवळ जाईपर्यंत त्यांनी ती पांढरी गाडी खाली उलटी पडलेली पाहिलीसुद्धा, चाकं फिरतानाही पाहिली. प्रत्यक्षात एक ट्रक तापून बंद पडला होता आणि त्याची माणसं कठड्याला टेकून विड्या ओढत होती. मामा त्यांच्याकडे बघतच पुढे गेले.

खिशातला फोन वाजायला लागला. मॅनेजरच असणार. नाक्यावर गाडी थांबली असेल, किंवा नाक्याच्या आधीच काही झालं असेल, दोनपैकी एक बातमी त्या फोनमध्ये होती. मामांनी फोन उचलला नाही. जोवर उचलत नाही तोवर दुसरी बातमी खरी होत नाही, असं त्यांना वाटत होतं. फोन वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. त्यांनी कान मिटून घेता आले असते तर मिटून घेतले असते.

पुढच्या वळणावर नाका होता. फाटकाचा दांडा आडवा पडलेला होता आणि त्याच्या अलीकडे, कडेला, ती पांढरी गाडी चार चाकांवर उभी होती.

मामा स्कूटरवरून उतरले ते जवळजवळ पडलेच. चाळिशीची, डोक्याला रुमाल बांधलेली ड्रायव्हरबाई नाकेवाल्याशी तावातावाने बोलत होती. पेशंट थकलेत, एका आजीला मळमळतंय, आणि तुम्ही कारण न सांगता मला वीस मिनिटं उन्हात उभं करता, असं तिचं चाललं होतं. वर्कशॉपातून आलोय, खाली बघायचंय, एवढंच मामा बोलू शकले. पाना घेऊन ते गाडीखाली शिरले.

चार बोल्ट जागेवर होते. दोन नव्हते. चारातल्या एकाला मामांनी नुसतं बोट लावलं आणि तो फिरला. पाटीवरचा खडू फिरावा तसा, काही जोर न लावता फिरला. दांड्याचं तोंड एका बाजूने सुटून बोटभर फट पडली होती. आणि चारही डोक्यांवर मामांच्याच हाताने दिलेला ठिपका होता, ताजा, पिवळाधमक. वरच्या पत्र्यापलीकडून कुणी म्हातारा हळू आवाजात विचारत होता, अजून किती वेळ लागेल हो? मामांना गाडीखाली उलटी झाली. तोंड बाजूला करून त्यांनी बाहीने पुसलं आणि तसेच पडून राहिले.

बाहेर आले तेव्हा बाईचा राग उतरला होता. नाकेवाल्याने तिला काहीबाही सांगितलं असावं. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

“कंपनीने खास तुम्हाला पाठवलं? एवढ्या लांब? केवढी काळजी घेतात हो.”

इथे गप्प राहता आलं असतं. मान हलवली असती तरी भागलं असतं.

“ताई, कंपनीने नाही पाठवलं. हे बोल्ट कालच मी बसवले होते. आवळायचे राहिले माझ्याकडून. वर सही पण माझीच आहे.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने आधी गाडीकडे पाहिलं, खिडकीतल्या सहा चेहऱ्यांकडे पाहिलं. कालपासून? तिने विचारलं. मामा म्हणाले, कालपासून. काल संध्याकाळी घरी जाताना तिच्या पोरीही या गाडीत बसल्या होत्या, असं ती म्हणाली, मामांना नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखं. मग बाटली परत घेऊन तिने झाकण लावलं.

मामांनी उरलेले चार काढले, पाकिटातले सहा नवे घातले. या सहांवर रंग नव्हता. एकेक आवळला, एकेक दोनदा वाजवला. बाई शेजारी उकिडवी बसून प्रत्येक कट् ऐकत होती. बारा झाली. मामा बाहेर सरकले.

“आता चालवू?” तिने विचारलं. “तुम्ही सांगाल तसं.”

छत्तीस वर्षांत हजारो ड्रायव्हरांनी त्यांना हे विचारलं होतं आणि मामा काम करता करता, मान वर न करता, जा म्हणायचे. आता तो एक शब्द तोंडातून येईना. त्यांनी बारा वेळा ऐकलं होतं, तिनेही ऐकलं होतं. तरी येईना.

“मग तुम्ही पण बसा,” बाई म्हणाली. “वरपर्यंत चला आमच्याबरोबर.”

स्कूटर नाक्यावर राहिली. मामा आत जाऊन मधल्या सीटवर बसले. त्यांच्या पायाखाली बरोबर तो दांडा होता. शेजारच्या आजी डायलिसिसने इतक्या गळून गेल्या होत्या की पहिल्याच वळणाला त्यांचं डोकं मामांच्या दुखऱ्या खांद्यावर आलं. मामा हलले नाहीत. गिअर बदलला की त्यांच्या तळव्यांना हिसका कळत होता आणि प्रत्येक हिसक्याला ते श्वास धरत होते. बाकीचे पाच जण त्यांच्याकडे बघत होते. नाक्यावर काय बोलणं झालं ते उघड्या खिडकीतून सगळ्यांनी ऐकलं होतं.

फोन पुन्हा वाजला. या वेळी मामांनी उचलला. मॅनेजरचा आवाज मोकळा झाला होता. नाकेवाल्याकडून त्याला सगळं कळलं होतं. सापडली ना, आवळली ना, मग संपला विषय, तो म्हणाला. कुणाला काही झालं नाही. जॉबकार्ड माझ्याकडे आहे, मी बघतो, तुम्ही सरळ घरी जा आणि रविवारी नातीला बघायला जा.

“साहेब, संपला नाही विषय,” मामा म्हणाले. “तीन आठवडे मी ठिपके आधी देतोय. टेबलावरच. तीन तपासल्या, एक सैल निघाली. अजून अठ्ठ्याऐंशी आहेत.”

मग मॅनेजर समजावणीच्या सुरात बोलू लागला. काल फोन आला म्हणून घोटाळा झाला, रोज थोडाच फोन येतो? तुमचा हात मला माहीत आहे. बाकीच्या तुम्ही आवळल्याच असणार. कंपनीला कळवलं तर ते पहिलं तुमचं नाव विचारतील. छत्तीस वर्षं मामा, अकरा महिने उरले असताना छत्तीस वर्षं पाण्यात.

मामांनी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. एक्याण्णव गाड्यांपैकी एकीचंही कट् त्यांना वेगळं आठवेना. आठवत होतं ते फक्त पिवळं. मधे कधी जेवणाची घंटा झाली असेल, कधी कुणी हाक मारली असेल, कधी खांद्यातून कळ आली म्हणून ते दोन मिनिटं खाली बसले असतील.

समोरच्या वळणावरून एक गाडी उतरत आली. पांढरी, त्याच बनावटीची, टपावर सामान बांधलेलं, आत माणसं. उतारावर होती, वेगात होती. ड्रायव्हरबाईने हॉर्न दिला, त्या ड्रायव्हरने हसून हात केला आणि गाडी बाजूने निघून गेली. आजी सोडून सगळ्यांनी माना वळवल्या. मामा मागच्या काचेतून तिचा नंबर वाचत होते, ती खालच्या वळणाआड जाईपर्यंत.

“लिहून घ्या,” ते फोनवर म्हणाले आणि नंबर सांगितला. “पहिला फोन याला करा.”